वडिलांसाठी फोन: आधी स्टोरेज बघा, मग इंच

दादा, तुम्ही विचारलंय की पाथरीत वडिलांसाठी फोन घ्यायचाय आणि दुकानदारानं तीन समोर ठेवलेत. पहिला ६.९ इंचाचा, ४/६४ (म्हणजे ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज), साडेदहा हजार. दुसरा ६.५ इंचाचा, ६/१२८, तेरा हजार. तिसरा दुसऱ्याचाच भाऊ, पण ८/२५६, साडेपंधरा. वडील शेती करतात, नजर कमी झालीय, म्हणून मोठ्या स्क्रीनचा आणि स्वस्त असा पहिलाच घ्यावा का?

नका घेऊ. दुसरा घ्या.

मी मानवतकडचा. घरातले, भावकीतले फोन बहुतेक मीच घेऊन देतो, आणि त्यात एकच सपशेल चुकला, तो ६४ जीबीचा. आमचे अण्णा खरिपात कपाशीत उभे राहून ई-पीक पाहणी, म्हणजे सरकारी ॲपवर पिकाची नोंद, करायले होते. गट नंबर टाकला, क्षेत्र टाकलं, पिकाचा फोटो काढायची वेळ आली आणि फोटो काही केल्या सेव्ह होईना. जागाच शिल्लक नाही. हा फोटो शेतातच काढावा लागतो, घरी येऊन गॅलरीतला जोडता येत नाही. अण्णा भर उन्हात बांधावर बसून एकेक व्हिडिओ पुसत बसले. मी संध्याकाळी बघितलं तर एकट्या व्हॉट्सॲपनं २३ जीबी खाल्लेली. गावाचा ग्रुप, भावकीचा, दिंडीचा, कृषी केंद्राचा. आलेलं सगळं आपोआप उतरत होतं.

६४ लिहिलेलं असलं तरी ६४ हाती येत नाही. सिस्टीम आणि आधीपासून भरलेली ॲपं मिळून १५-२० जीबी तिथंच जाते. त्यात दुकानदार ‘४ अधिक ४, आठ जीबी रॅम’ म्हणतो ना, ती जास्तीची चार ह्याच स्टोरेजमधून काढलेली असते. ती बंदच ठेवा. स्टोरेज भरत आलं की फोन अडखळतो, ॲपचे अपडेट घेत नाही, आणि लोक म्हणतात फोन जुना झाला.

मेमरी कार्ड टाकू म्हणाल, तर आधी सिमचा ट्रे बघा. पुष्कळ फोनांत दुसरं सिम किंवा कार्ड, दोन्हीपैकी एकच बसतं. आपल्याकडं गावात एका कंपनीची रेंज अन् शेतात दुसऱ्या कंपनीची, म्हणून दोन सिम लागतातच. आणि कार्ड बसलं तरी व्हॉट्सॲपचा पसारा फोनच्याच मेमरीत पडतो. नंतर वाढवता न येणारी गोष्ट आधी घ्यावी. अडीच हजार जास्त जातात खरे, पण फोन तीन वर्षं चालला तर महिन्याला सत्तर रुपये पडतात.

आता साईज. इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके. हातात मात्र रुंदी येते आणि खिशात लांबी. खोक्यावर किंवा कंपनीच्या साईटवर मिलिमीटर दिलेले असतात, ते बघा. माझा अंदाज, ७५-७६ मिमीच्या पुढं रुंदी गेली की एका हातानं अंगठा पलीकडं पोचत नाही. घरी एक करा: दोन्ही फोनांच्या मापाचे पुठ्ठे कापा आणि वडिलांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात घालून त्यांना वाकायला सांगा. आमच्या अण्णांचा मोठा फोन मोटार चालू करायला वाकताना असाच हौदात पडला. नजरेचं म्हणाल तर सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करता येतात, ६.५ इंचावर बातमी निवांत वाचता येते.

स्क्रीन दुकानातल्या ट्यूबलाईटखाली पारखू नका, रस्त्यावर उन्हात नेऊन बघा. आपल्याकडं मे महिन्यात ४२ च्या वर जातं, तेव्हाच्या उन्हात स्क्रीनचा उजेड पुरेसा नसेल तर आलेला नंबरसुद्धा दिसत नाही. पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्जिंगलाही लावू नका, उष्णतेनं बॅटरी लवकर म्हातारी होते.

२५६ कधी घ्यावा? घरात कुणी लातूरला नीटची तयारी करत असेल, तासतासाची लेक्चर उतरवून ठेवत असेल, तर डोळे झाकून. तिथं अडीच हजार सार्थकी लागतात. वडिलांना नाही. त्यापेक्षा त्यातल्या दोन-तीनशेंचं चांगलं कव्हर आणि काच घ्या.

६/१२८ मध्येही विचारा की स्टोरेज कुठल्या प्रकारचं, यूएफएस आहे का ईएमएमसी. यूएफएस वेगवान असतं, त्यामुळं फोन दोन वर्षांनीही बरा चालतो.

आणि पक्कं बिल घ्या. दुकानदार ‘बिल नको, चारशे कमी करतो’ म्हणेल, ऐकू नका. वॉरंटीला आणि फोन हरवला तर पोलिसांत तेच लागतं. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी तिथंच ताडून बघा. घरी आल्यावर पहिलं काम, व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड बंद करून द्या. वडिलांना ती सेटिंग सापडणार नाही, तुम्हीच करा.