रविवारी रात्री रडू येतं, त्याची गोष्ट

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. दोघंही नोकरी करतो, मुलगा नऊ वर्षांचा, सासूबाई बहात्तरच्या. दर सुट्टीला यांना बाहेर पडायचंच असतं. लोणावळा नाहीतर मुळशी, तीन-तीन तास गाडीत. डबे मी भरायचे, परतल्यावर ओले कपडे मी धुवायचे. सासूबाई गुडघ्यांमुळे घरीच राहतात आणि मनातून रुसतात. ‘एक रविवार घरी काढूया’ म्हटलं की हे म्हणतात, ‘पुण्यात बघायला आहेच काय?’ सोमवारी ऑफिसात पोचल्यावर मला बरं वाटतं. माझंच काही चुकतंय का?
– दमलेली, कोथरूड

उत्तर : काही चुकत नाही. ऑफिसात चहा आयता हातात मिळतो, बरं वाटायला एवढं पुरे. तुम्ही फिरायला कंटाळलेला नाहीत, सहलीची मॅनेजरकी तुम्हाला नको झाली आहे. आणि ‘घरी बसूया’ हा त्यावर उपाय नाही. घरी बसलात तर तुम्ही ओट्यापाशी आणि ते टीव्हीपाशी, एवढंच होईल.

महिन्यातला एकच रविवार मागून घ्या, आणि तोही बुधवारी. शुक्रवारी रात्रीपर्यंत त्यांच्या मनात लोणावळा पक्का झालेला असतो, तेव्हा काढलेला विषय भांडणावरच जातो. वाक्य साधं ठेवा : ‘या रविवारी पेठेत जाऊ, एकपर्यंत परत येऊ, डबा नाही, गाडी नाही.’ शेवटचे दोन ‘नाही’ महत्त्वाचे. मंडईच्या आसपास पार्किंग शोधण्यात अर्धा तास आणि सगळ्यांचा मूड जातो. डबा भरायला घेतला की तुमचा रविवार पहाटे पाचलाच सुरू.

सकाळी नुसता चहा घेऊन सव्वासातला निघा. मेट्रोने सिव्हिल कोर्टला उतरून गाडी बदलायची, तिथून मंडई दुसरं स्टेशन. वरच्या मार्गावरून भुयारी मार्गाकडे बरंच खाली उतरावं लागतं. सासूबाईंना सरकत्या जिन्यावर उभं करू नका, लिफ्ट शोधा. ते काम मुलाला द्या, स्टेशनांची नावं मोजत तो तुम्हाला बरोबर नेईल.

मंडईत लगेच काही घ्यायचं नाही. ही घोडचूक सगळे करतात आणि मग चार किलो ओझं घेऊन सकाळभर हिंडतात. आधी ती दगडी, अष्टकोनी मनोऱ्याची इमारत सावकाश बघा. ती 1886 मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून सुरू झाली. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतिराव फुल्यांनी जिच्या खर्चाला विरोध केला, त्याच मंडईला पुढे त्यांचं नाव मिळालं. पुण्याला हे शोभतंच.

खाणं नऊच्या आत उरका. त्यानंतर रविवारी नावाजलेल्या हॉटेलांपुढे रांग लागते. उपाशी मूल आणि रांगेत उभा नवरा, सुट्टीतली निम्मी भांडणं इथेच होतात. रांग दिसलीच तर मागे फिरा, शेजारच्या साध्या ठिकाणचे पोहे खा आणि वर अमृततुल्य चहा घ्या. ‘एवढं आलोय तर तिथेच खाऊ’ हा हट्ट महागात पडतो.

तिथून तुळशीबागेतलं राममंदिर. पेशवाईत नारो अप्पाजी खिऱ्यांनी बांधलेलं. दुकानं उघडून गर्दी व्हायच्या आत पोचलात तर आवार निवांत मिळतं. सासूबाईंना खरं तर हेच हवं असेल. सभामंडपात त्यांना अर्धा तास बसू द्या, ‘चला आता’ कोणीही म्हणायचं नाही. गुडघे कुरकुरू लागले तर तुमच्यापैकी एकाने त्यांना रिक्षाने घरी न्यायचं. कोणी, ते आदल्या रात्रीच ठरवा. माझं मत : मुलाने. त्यांच्या मुलाने, तुमच्या नव्हे.

दहाला राजा दिनकर केळकर संग्रहालय उघडतं, मंडईपासून चालत जाण्यासारखं आहे. हजारो वस्तू आणि वर जिने, त्यामुळे सगळं बघायचा हट्ट धरलात तर तासाभरात पाय आणि डोळे दोन्ही थकतील. दिवे आणि अडकित्ते बघा, बाकी पुढच्या महिन्याला. मात्र एक दालन चुकवू नका : मस्तानी महाल. तो मूळचा तुमच्या कोथरूडचा. तिथून सोडवून आणून इथे पुन्हा उभारलाय. ‘पुण्यात आहेच काय’ म्हणणाऱ्या कोथरूडकराला तिथे दोन मिनिटं उभं करा आणि काही बोलू नका.

सव्वाअकराला बाहेर. आता परतीच्या वाटेवर भाजी घ्या, तीही एका वेळेपुरतीच. थंडीचे दिवस असले तर सोलाणे किंवा पावटा घ्या. दुपारी सोलायला मुलगा, आजी आणि बाबा असे तिघं बसतील.

एकला घरी, पिठलं-भात, मग झोप. कपड्यांचं मशीन शनिवारीच लावून टाका. पुढच्या महिन्याचा रविवार त्यांनी आखायचा, पण अटी त्याच : डबा नाही, गाडी नाही, एकला घरी. त्यांनी पर्वती काढली तर हरकत घेऊ नका, फक्त सासूबाईंचं काय ते त्यांनाच विचारा.

भाजीची पिशवी घरून निघतानाच त्यांच्या खिशात घडी करून ठेवा. तुमच्या पर्समध्ये नको.