रॉकबॉक्स (म्युझिक प्लेअरवर टाकायचं मोफत पर्यायी सॉफ्टवेअर) असलेल्या प्लेअरवरचा 'डॉट रॉकबॉक्स' फोल्डर आणि गाण्यांचे फोल्डर चुकून डिलीट झाले. परत कसे आणू?

डॉट रॉकबॉक्स फोल्डर सहज परत येतो: तुमच्या नेमक्या मॉडेलची झिप फाइल रॉकबॉक्सच्या साइटवरून उतरवा आणि प्लेअरच्या मुळाशी, म्हणजे कुठल्याही फोल्डरच्या आत नव्हे, एक्स्ट्रॅक्ट करा. बूटलोडर (प्लेअर चालू होताना रॉकबॉक्स सुरू करणारा छोटा प्रोग्राम) वेगळा असतो, फोल्डर उडाला तरी तो सहसा शाबूत राहतो, त्यामुळे तो पुन्हा टाकावा लागत नाही. प्लेअर कॉम्प्युटरला जोडला जात नसेल तर मूळ फर्मवेअरमध्ये, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये, सुरू करून जोडा.

पण थांबा, गाणी हवी असतील तर आधी त्यांच्या मागे लागा! प्लेअरवर काहीही नवीन लिहिलं, अगदी ही झिपसुद्धा, की पुसलेली गाणी कायमची जाऊ शकतात. मॅक किंवा लिनक्सवरून डिलीट केलं असेल तर प्लेअरवरच 'डॉट ट्रॅश' ने सुरू होणारा लपलेला फोल्डर असतो, सगळं त्यातच पडलेलं सापडू शकतं. तिथे नसेल तर कॉम्प्युटरवर फोटोरेक हे पुसलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवा (नाव फोटोचं असलं तरी ते गाण्यांच्या फाइलीही शोधतं) आणि सापडलेल्या फाइली कॉम्प्युटरवर साठवा.

एक मर्यादा आहे. फोटोरेक फोल्डरची रचना आणि फाइलींची मूळ नावं परत देत नाही. गाण्यांत टॅग (फाइलीतच साठवलेली कलाकार, अल्बम वगैरे माहिती) नीट भरलेले असतील तर रॉकबॉक्सचा डेटाबेस सुरू करा, कलाकार आणि अल्बमनुसार यादी मिळेल. जुन्या सेटिंग, थीम आणि वेगळे टाकलेले फॉन्ट मात्र बॅकअप नसेल तर पुन्हा बसवावे लागतील.