'निद्रासंप्रेरक' म्हणावं का?

'मेलाटोनिन' या हॉर्मोनला मराठीत 'निद्रासंप्रेरक' म्हटलं तर चालेल का, असं एका भाषांतरकार बाईंनी विचारलंय.

मी तरी म्हणणार नाही. 'संप्रेरक' छानच आहे, 'हॉर्मोन'च्या मुळाशी असलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थही चालना देणं असाच आहे. अडचण 'निद्रे'ची. अंधार पडला की मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन पाझरू लागतं, डोळ्यांवर उजेड आला की आटतं. माणसात तसंच उंदरातही. आणि उंदीर तर रात्रभर टक्क जागा, फडताळामागे खुडबुडत! म्हणजे हे द्रव्य शरीराला फक्त 'रात्र झाली' एवढं कळवतं. मग कोणी झोपतं, कोणी कामाला लागतं. संस्कृत वळणाचा शब्द हवाच असेल तर 'निशासंप्रेरक' घ्या.

मूळ नावात तरी झोप कुठे आहे? येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर कोडावर उपाय शोधत होते. गाईबैलांच्या पिनियल ग्रंथींतून त्यांनी १९५८ साली हे द्रव्य वेगळं केलं. बेडकाच्या कातडीतल्या काळ्या रंगकणांना ते गोळा करतं आणि कातडी फिकट दिसू लागते. म्हणून ग्रीक 'मेलास', म्हणजे काळा, हा पूर्वार्ध. कातडीला रंग देणारं मेलॅनिन, पॅसिफिकमधली मेलानेशिया बेटं यांच्यातलाच. 'टोनिन' आलं सेरोटोनिन या शरीरातल्याच दुसऱ्या द्रव्यावरून, कारण शरीर त्याच्यापासूनच मेलाटोनिन घडवतं. (आमच्या मामींना मात्र 'मेला' ऐकून शिवीच वाटली होती.)

आता मेलाटोनिनच्या गोळीला 'झोपेची गोळी' म्हणण्याबद्दल. इथे मराठी क्रियापदं फार कामाची आहेत. झोप येते, लागते, मोडते, उडते, आणि या चारही बाबतींतली दुखणी निराळी. मेलाटोनिनचा खरा उपयोग 'येण्या'च्या वेळेशी आहे: विमानप्रवासाने शरीराचं घड्याळ बिघडलेले, रात्री दोन-तीनपर्यंत झोपच न येणारे, उजेड मुळीच न जाणवणारे काही अंध लोक. अशांना ती कधी घ्यायची हेच महत्त्वाचं, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच. नेहमीच्या निद्रानाशात झोप लागायला सरासरी काही मिनिटंच कमी लागतात.

तेव्हा बाई, मूळ लेखात 'स्लीप डिसऑर्डर्स' असेल तिथे सरसकट 'निद्रानाश' लिहू नका, 'झोपेचे विकार' लिहा. आणि मेलाटोनिनला मेलाटोनिनच राहू द्या. औषधाच्या दुकानात तेच नाव सांगावं लागतं.