हार्डवेअरवाला मुख्यमंत्री

प्रश्न : पाचोऱ्याला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. भाचा कॅनडात केलोना गावी असतो. तो म्हणतो, "मामा, इथला एक हार्डवेअरवाला वीस वर्षं मुख्यमंत्री होता." खरं, की फेकतोय?
— एक दुकानदार वाचक

उत्तर : खरं आहे भाऊ. विल्यम बेनेट, ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा मुख्यमंत्री, जन्म १९०० चा. १९३० मध्ये केलोनात येऊन त्यानं हार्डवेअरचं दुकान विकत घेतलं. रावेर-सावद्याला केळी, तशी तिकडे सफरचंदं.

१९४१ ला आमदार झाला. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं नेतेपद दोनदा मागितलं, दोन्हीदा पडला. शेवटी १९५१ मध्ये पक्ष सोडून तो सोशल क्रेडिटमध्ये गेला. त्या पक्षाला प्रांतात तोवर एकही जागा जिंकता आली नव्हती! १९५२ ला ४८ पैकी १९ जागा आल्या, समाजवाद्यांना १८. एका जागेच्या जोरावर दुकानदार प्रांताचा प्रमुख.

माझे वडील धुळ्याला आग्रा रोडवर लोखंड विकायचे. खातं चुकतं झालं की पानावर लाल आडवी रेघ मारायचे, मग चहा. बेनेटनं ती रेघ जरा थाटात मारली. १ ऑगस्ट १९५९ ला केलोनाच्या तळ्यात तराफ्यावर प्रांताचे रद्द कर्जरोखे रचले आणि पेटता बाण सोडला. बाण वाया गेला, लपलेल्या पोलिसानं काडी लावली, असं सांगतात. कर्ज फिटलं म्हणजे काय, तर बरंचसं सरकारी महामंडळांच्या नावावर, प्रांताच्या हमीनं. थोरल्या दुकानाची उधारी धाकट्याच्या वहीत. वडिलांनी एका नजरेत पकडलं असतं.

समाजवाद्यांना शिव्या घालणाऱ्या या माणसानंच १९६१ मध्ये खासगी वीज कंपनी सरकारजमा केली. पीस नदीवर प्रचंड धरण बांधलं, त्याला नावही स्वतःचंच, हयातीत. त्या पाण्याखाली त्से के डेने आदिवासींची जमीन गेली. वीज महामंडळानं माफी मागितली ती २०१६ मध्ये. सरदार सरोवरात बुडालेल्या गावांतली माणसं मी धडगावला भेटलोय. तेव्हापासून तराफ्याच्या त्या जाळाचं मला फारसं कौतुक नाही.

१९७२ ला बेनेट हरला. तीन वर्षांत मुलगा बिल त्याच खुर्चीवर. यात तरी तुम्हाला नवल वाटायला नको.