घरमालकीणबाईंच्या आजोबांचं दोन नळ्यांचं पिस्तूल: डेरिंजर ओळखायचं कसं, घ्यायचं का, वापरायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही टेक्सासमध्ये एच-१बी व्हिसावर आहात. घरमालकीणबाईंनी त्यांच्या आजोबांचं तळहातात मावणारं, एकावर एक दोन नळ्या असलेलं पिस्तूल तुम्हाला भेट म्हणून देऊ केलंय. नळीवर ‘रेमिंग्टन आर्म्स कं., इलियन, एन. वाय.’ असं कोरलेलं आहे. हे डेरिंजर, म्हणजे खिशात मावणारं एक-दोन बारांचं छोटं पिस्तूल, आहे का, अस्सल आहे का, चालवता येईल का, आणि पत्नीला कामावरून उशिरा यावं लागतं म्हणून तिच्या पर्समध्ये असंच एखादं नवं ठेवावं का, हे तुम्हाला विचारायचंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण बाकीचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. पिस्तूल अजून बाईंच्याच घरात असेल तर तिथेच राहू द्या. एच-१बी, एच-४, एफ-१ असे बिगर-स्थलांतरित व्हिसा असलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते स्वतःच्या बळावर लावून घ्यायचे नसतात. भेट म्हणून आली, विकत घेतली नाही, याने काही फरक पडत नाही. टेक्सासमध्ये २०२१ च्या सप्टेंबरपासून परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं हे ऐकून आपली मुलं गाफील राहतात, पण राज्याची ती सवलत केंद्राच्या बंदीवर चालत नाही. शस्त्राच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर देशाबाहेर काढण्यापर्यंत वेळ येऊ शकते. मी पंचवीस वर्षं इथे आहे आणि जुनी छोटी पिस्तुलं जमवतो, तरी ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत मी एकाही पिस्तुलाला घरात जागा दिली नव्हती.

यातून एक वाट आहे, आणि ती तुमच्या नळीवरच्या ठशातच आहे. १८९८ साली किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र केंद्रीय कायद्याच्या लेखी ‘अँटिक’ ठरतं आणि बंदुकीच्या व्याख्येतून बाहेर पडतं. म्हणजे तुमचं पिस्तूल कधीचं, हा नुसता हौसेचा प्रश्न नाही.

तर ओळखण्याकडे येतो. तुम्ही वर्णन केलंय ते रेमिंग्टनचं डबल डेरिंजर, जाणकार ज्याला मॉडेल ९५ म्हणतात. विल्यम एलियट नावाच्या कारागिराचं पेटंट १२ डिसेंबर १८६५ चं, आणि उत्पादन १८६६ पासून थेट १९३५ पर्यंत. जवळजवळ सत्तर वर्षं एकच रचना, दीड लाखाच्या आसपास नग. त्यामुळे ते दुर्मीळ नाही, पण खोटंही बहुधा नसतं. तीन इंचाच्या दोन नळ्या, ३०० ग्रॅमच्या आसपास वजन, चापाभोवती कडं नाही. चाप म्हणजे नुसता खाली डोकावणारा एक कोंभ. (आपल्याकडे ‘घोडा’ हा शब्द दोन्हींना वापरतात, म्हणून इथे सांगून ठेवतो: मागे अंगठ्याने ताणतो तो घोडा, बोटाने ओढतो तो चाप.)

साल ठरवायला नंबराचा भरवसा धरू नका. या पिस्तुलाचे नंबर तुकड्यातुकड्यांनी आणि पुन्हा पुन्हा पहिल्यापासून टाकलेत. ठसा बघायचा. ‘ई. रेमिंग्टन अँड सन्स’ असेल तर ते १८८८ च्या आधीचं, कारण त्या साली जुनी कौटुंबिक कंपनी विकली गेली. ‘रेमिंग्टन आर्म्स – यू.एम.सी.’ असेल तर १९१२ नंतरचं. आणि नुसतं ‘रेमिंग्टन आर्म्स कं.’ असेल तर मधल्या काळातलं, साधारण १८८८ ते १९११. तुमचा ठसा नेमका हा मधला आहे, आणि १८९८ ची रेघ त्याच्या पोटातूनच जाते. त्यामुळे ठशावरून तुम्ही सुटलात असं मी म्हणू शकत नाही. अक्षरांची ठेवण आणि ठशाची जागा यावरून काळ आणखी आवळता येतो, पण ते पिस्तूल हातात घेऊन बघणाऱ्या तज्ज्ञाचं काम आहे, फोटोवरून माझं नाही. बाईंना ते त्याच्याकडे न्यायला सांगा, लेखी मत घ्या, आणि मगच इमिग्रेशन वकिलाला विचारा.

नावाबद्दलही सांगतो, कारण त्यात एका माणसावर अन्याय झालाय आणि तो मला बोचतो. हेन्री डेरिंजर हा फिलाडेल्फियाचा बंदूक-कारागीर, जन्म १७८६ चा. त्याच्या आडनावात इंग्रजीत एकच ‘आर’. त्याची पिस्तुलं ठासणीची: नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, मागे बोंडीवर ठिणगी पाडणारी स्फोटक टोपी बसवायची, बार एकच. अक्रोडाचा नक्षीदार दस्ता, जर्मन सिल्व्हरची पट्टी, आणि बहुतेक वेळा जोडीने विकली जायची, कारण एक बार संपला की दुसरं हातात हवं. सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियात धावलेल्या लोकांत ती इतकी खपली की नकलांचा पूर आला. त्यात त्याचा ठसासुद्धा जसाच्या तसा उचलला जाई. म्हातारपणी तो कोर्टात गेला आणि १८६५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. ट्रेडमार्कच्या जुन्या खटल्यांत तो आजही सांगतात. पण तोवर दोन ‘आर’वालं चुकीचं नाव लोकांच्या तोंडी बसलं होतं, आणि पुढे प्रत्येक छोट्या पिस्तुलाला तेच चिकटलं. तुमचं रेमिंग्टन या अर्थाने डेरिंजर आहे. हेन्रीचा हात मात्र त्याला लागलेला नाही.

त्याच साली, म्हणजे १८६५ च्या १४ एप्रिलला, जॉन विल्क्स बूथने राष्ट्राध्यक्ष लिंकनवर झाडली ती गोळी हेन्रीच्या डेरिंजरचीच. ते पिस्तूल वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये ठेवलंय. मी काचेला नाक लावून बराच वेळ बघत उभा होतो. सहा इंचाच्या आतबाहेरची ती वस्तू कोटाच्या खिशात अलगद नाहीशी होईल अशी आहे. पण दुसरी गोष्ट लोक विसरतात. बूथने अगदी पाठीशी येऊन एकच गोळी झाडली, आणि लिंकनसोबत बसलेला मेजर रॅथबोन अंगावर आला तेव्हा त्याला सुरा काढावा लागला. पिस्तुलात दुसरं काही नव्हतंच. नाट्यगृहाच्या बंद बॉक्समध्ये पाठमोऱ्या, बेसावध माणसाजवळ जाणाऱ्याला ते पुरलं. रात्री पार्किंगमध्ये दचकलेल्या माणसाची गोष्ट वेगळी असते.

आता अस्सल आहे का आणि चालेल का. बाईंच्या समोर, बाईंच्या हातात, असं बघा. नळीचं तोंड भिंतीकडे किंवा जमिनीकडे, बोट चापापासून लांब. उजव्या बाजूला एक छोटा खटका असतो, तो खाली फिरवला की नळ्या वरच्या बिजागरीवर उचलल्या जातात. दोन्ही भोकांतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. घरातलं जुनं पिस्तूल रिकामं असल्याचं ‘सगळ्यांना माहीत’ असतं, आणि तेच सर्वात धोक्याचं असतं. आत काही दिसलं तर उपटाउपटी न करता तसंच बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे.

उघडलेलं असताना बिजागरीचे दोन कान भिंगाखाली बघा. मॉडेल ९५ चं मर्म तेच. नळ्यांच्या तुकड्यातले हे दोन पातळ कान फार लवकर तडकतात. माझ्याकडचं पहिलं डेरिंजर मी पेनसिल्व्हेनियात एका जत्रेतल्या टेबलावरून घेतलं. निकेलचा मुलामा अजून चमकत होता, दस्ता शाबूत होता, आणि मी हुरळलो. घरी दिव्याखाली धरलं तर डाव्या कानाच्या बुडाशी केसाएवढी रेघ, आणि उजव्यावर वेल्डिंगचा बारीक गोळा, घासून पॉलिश केलेला. विकणाऱ्याला ते दिसलं नसेल असं मला वाटत नाही. तेव्हापासून मी आधी कान बघतो, मग किंमत विचारतो.

याची फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आदळून बार उडवणारी खुंटी, मला अजून मोहात पाडते. नळ्या दोन, पण घोडा एकच. घोडा ताणला की आतला तुकडा एक ठेच वर सरकतो, पुन्हा ताणला की खाली, आणि पिन आळीपाळीने वरच्या आणि खालच्या काडतुसावर बसते. दीडशे वर्षांपूर्वी एवढ्याशा जागेत हे बसवणारा माणूस मोठाच म्हणायचा.

चालवायचं मात्र नाही. त्याचं काडतूस .४१ रिमफायर शॉर्ट (रिमफायर म्हणजे बुडाच्या कडेवर ठोका बसून पेटणारं), आणि त्याचं नियमित उत्पादन कधीच थांबलंय. जुनी काडतुसं मिळतात ती संग्राहकांच्या डब्यात, आणि ती जुन्या बिजागरीत झाडणं म्हणजे वस्तू मोडणं. शिवाय त्याची ताकद किती होती ते बघा: १३० ग्रेनची, म्हणजे साडेआठ ग्रॅमच्या आसपासची शिशाची गोळी, वेग सेकंदाला सुमारे ४२५ फूट. आजच्या साध्या .२२ लाँग रायफल काडतुसाच्या जेमतेम अर्धी ऊर्जा. जुगाराच्या टेबलापलीकडच्या अंतरासाठीच ते बनलं होतं.

पत्नीच्या पर्सचा प्रश्न. एच-४ वर असताना तोच कायदा त्यांनाही लागू आहे, म्हणून आज उत्तर नाही असंच आहे. ग्रीन कार्ड आल्यावर घ्यायचं ठरवलंत तरी पहिलं पिस्तूल म्हणून डेरिंजर घेऊ नका, असं मी मनापासून सांगतो. पर्समध्ये मावतं म्हणून ते बायकांना सोपं, असं दुकानात सहज म्हणतात. उलट आहे. लहान पिस्तूल हाताकडून जास्त मागतं.

मी टेक्सासच्याच बनावटीचं, .४५ कोल्ट या जाड काडतुसाचं नवं डेरिंजर एका मित्राचं चालवून बघितलंय. लक्ष्य सात यार्डांवर, म्हणजे बैठकीच्या खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पहिल्या बाराला मूठ आभाळाकडे गेली आणि अंगठ्या-तर्जनीमधली कातडी चुरचुरायला लागली. दुसरी गोळी कागदाला लागलीच नाही. कारण पुढे कळलं: या रचनेत चाप सरळ मागे ओढून चालत नाही, थोडा खाली आणि मागे असा ओढावा लागतो, आणि तो जडही असतो. सरळ ओढला की सगळा जोर नळीवर येतो आणि नेम खाली जातो. हे रिकाम्या पिस्तुलात डमी काडतुसं घालून शेकडो वेळा केल्याशिवाय हातात बसत नाही. दुसऱ्या हाताने आधार देताना बोट नळीच्या तोंडापुढे जाणं तर इतकं सोपं आहे की मी शिकवताना तो हात दस्त्यावरून हलूच देत नाही.

तरीही कधी घ्यायचंच झालं तर स्वस्त जस्त-मिश्रधातूच्या सांगाड्याकडे जाऊ नका, पोलादी घ्या. ग्रॅनबरीच्या बॉन्ड आर्म्सची पिस्तुलं जड असतात, पण तो जडपणाच धक्का खातो. चापाला कडं असतं, आडवा सेफ्टी-खटका असतो, नळ्या बदलता येतात, आणि घोडा खाली असताना पिनवर टेकून राहत नाही. हे शेवटचं नीट तपासा. जुन्या पद्धतीच्या डेरिंजरमध्ये खाली सोडलेला घोडा पिनवर आणि पिन काडतुसावर टेकलेली असते. फरशीवर पडलं तर बार उडू शकतो. अर्ध्या खाचेवर ठेवलेला घोडाही पडण्याच्या धक्क्याला पुरत नाही. .४५ ऐवजी कमी धक्क्याचं .३८ किंवा .२२ मॅग्नम काडतूस निवडा. आणि पिस्तूल चाव्या-नाण्यांत मोकळं कधीच टाकायचं नाही, त्याला स्वतःचं म्यान हवं.

आणि हो, पुढेमागे गावी जाताना कपाटातली शोभेची वस्तू म्हणून बॅगेत घालण्याचा विचारसुद्धा करू नका. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणं गुन्हा आहे, आणि विमानतळावर ‘आजोबांचं जुनं आहे’ हे ऐकून कोणी सोडत नाही.

आज करण्यासारखं एक काम आहे. बाईंच्या आजोबांनी ते कधी, कुठे, कशासाठी घेतलं, ते कुठल्या खणात असायचं, त्याबरोबर डबी किंवा पावती होती का, हे बाईंकडून त्यांच्या हस्ताक्षरात, तारीख-सहीसह लिहून घ्या. आजोबांचा पिस्तुलासह फोटो असेल तर त्याच्या मागेही नाव लिहायला सांगा. १८९८ च्या कुठल्या बाजूला हे पिस्तूल पडतं ते ठरवताना तज्ज्ञाला तो कागद ठशाइतकाच कामी येईल, आणि बाई ऐंशीच्या पुढे आहेत असं तुम्हीच लिहिलंय.