आतून येणारा कौल म्हणजे भावनाच का, आणि त्यावर विश्वास कधी ठेवावा?

नाही: भावना ही एखाद्या गोष्टीच्या बरेवाईटपणाला शरीरमनाने दिलेली प्रतिक्रिया असते, अंतर्ज्ञान, म्हणजेच आतला कौल, हा कारणे न सांगता झटकन समोर येणारा निष्कर्ष असतो आणि विचार म्हणजे पायरीपायरीने केलेली, दुसऱ्याला दाखवता येणारी पडताळणी. मुलाखतीपूर्वीची धडधड ही भावना आहे. तिच्यावरून ‘ही नोकरी आपल्यासाठी नाही’ असा कौल काढणे मला धोक्याचे वाटते. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी नोंदवलेल्या एका प्रसंगात अग्निशमन अधिकाऱ्याने, पाणी मारूनही आग दबत नाही आणि खोली अपेक्षेपेक्षा जास्त तापलेली, तरीही शांत आहे हे जाणवताच माणसांना बाहेर काढले, आणि लगेच जमीन खचली, कारण मूळ आग तळघरात होती. त्याला ती अतींद्रिय शक्ती वाटली. प्रत्यक्षात तो मुरलेला अनुभव होता. याउलट, बॅट आणि चेंडू मिळून 110 रुपये, बॅट चेंडूपेक्षा 100 रुपयांनी महाग, तर चेंडू कितीचा? मनात 10 येते, उत्तर 5 आहे. क्लाइन आणि डॅनिएल काहनेमान हे अंतर्ज्ञानाबाबत परस्परविरोधी भूमिका असलेले मानसशास्त्रज्ञ 2009 मध्ये एकत्र लिहिताना अंतर्ज्ञानावर विश्वास ठेवण्याच्या ज्या अटींवर सहमत झाले, त्या दोनच:

- क्षेत्रात पुरेशी नियमितता हवी;
- चूक-बरोबर कळत राहील असा दीर्घ सराव हवा.

नुसती खात्री वाटणे हा पुरावा नव्हे. अर्थात भावना, अंतर्ज्ञान आणि विचार ही विभागणी काटेकोर नाही, कारण मेंदूशास्त्रज्ञ अंतोनियो दमासिओ यांनी अभ्यासलेल्या काही मेंदूरुग्णांची बुद्धी शाबूत असूनही भावना बोथट झाल्यावर त्यांना रोजचे निर्णयही नीट घेता येत नसत.