उतारावरचा मंच

प्रश्न : हिप्पी तरुण प्रेम आणि शांततेची भाषा बोलत. मग १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात ऑल्टमाँटच्या मैफलीत खून कसा पडला? आमचं मंडळ गंगापूर रोडला मोफत गाण्याचा कार्यक्रम ठरवतंय. बंदोबस्ताला भागातली दांडगी पोरं उभी करावीत का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच नको. तिथे हीच चूक झाली.

या तरुणांचा पोलिसांवर विश्वास उरला नव्हता. त्याच वर्षी १५ मे रोजी कॅलिफोर्नियातल्याच बर्कली शहरात पीपल्स पार्कच्या आंदोलनात पोलिसांनी छर्‍यांच्या बंदुका चालवल्या, एक तरुण दगावला. म्हणून ६ डिसेंबरला मंचाच्या राखणीला हेल्स एंजल्स ही मोटरसायकल टोळी आली. मोबदला ५०० डॉलरची बिअर! जागा जेमतेम दोन दिवस आधी बदललेली. मंच जुन्या जागेच्या हिशेबाने बांधलेला, जेमतेम मीटरभर उंच. तिथे तो चढावर असणार होता. ऑल्टमाँटला आला उताराच्या तळाशी, त्यामुळे सुमारे ३ लाखांची गर्दी आपोआप त्याच्यावर लोटत राहिली. मंचाजवळ टोळीच्या गाड्या. कोणी गाडीला धडकलं की बिलियर्डच्या काठ्या चालत. जेफरसन एअरप्लेन या रॉक बँडचा गायक मार्टी बालिनही मार खाऊन बेशुद्ध पडला. रोलिंग स्टोन्स हा बँड गात असताना टोळीतल्या एकाने १८ वर्षांच्या मेरेडिथ हंटरला भोसकलं. हंटरने पिस्तूल काढलं होतं. ज्यूरीने स्वसंरक्षण मानून आरोपीला सोडलं. तरी त्या पोराचा जीव आधीच्या ढिसाळपणाने घेतला, असं आमचं ठाम मत आहे.

तुमच्यासाठी : मंच दीड मीटरहून कमी नको आणि उताराच्या तळाशी तर नकोच. त्याच्यापुढे दीड मीटर जागा सोडून बॅरिकेड लावा. गुदमरलेल्याला तिथूनच ओढून काढता येतं. सुट्टी बॅरिकेडं गर्दीच्या रेट्याने आडवी होतात आणि लोक त्यात अडकतात, म्हणून एकमेकांना घट्ट जोडा. मोकळ्या जागेत चौरस मीटरला दोन माणसं धरा : ३० बाय ४० मीटरला २४००, त्यापुढे फाटक बंद. चौरस मीटरला पाचच्या वर गेलं की माणूस स्वतःच्या पायांनी हलत नाही, लाटेबरोबर वाहतो.

रक्षक खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याखालचा परवाना असलेल्या एजन्सीचे घ्या. दारू प्यायलेला एकही नको, हातात काठी नको. भांडण दिसलं की दोघांनी मिळून त्या माणसाला बाजूला न्यायचं, हात उगारायचा नाही. गाणं थांबवायचा अधिकार एकाच माणसाला द्या, त्याला मंचावर उभं करा. मैदानाचे दिवे वेगळ्या जनरेटरवर ठेवा, म्हणजे आवाज बंद केला तरी उजेड राहील.